कात्री, काळा कागद आणि लोटे रायनिगर

जगातला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट कोणता, असं विचारलं की बहुतेक जण डिस्नीच्या 'स्नो व्हाइट'चं नाव घेतात. तो आला 1937 साली. त्याच्या अकरा वर्षं आधी, 2 मे 1926 ला, बर्लिनच्या फोल्क्सब्यूने नाट्यगृहात साधारण पासष्ट मिनिटांचा एक ॲनिमेशनपट लोकांना दाखवला गेला होता. त्याचं नाव 'प्रिन्स आखमेदची साहसं'. त्यातली माणसं, घोडे, राक्षस, राजवाडे, सगळं कात्रीने कापून काढलेलं होतं. कापणारी, हलवणारी आणि दिग्दर्शन करणारी एकच बाई होती, लोटे रायनिगर. वय वर्षं सव्वीस.

आता 'पहिला' म्हणताना जरा जपून. अर्जेंटिनात किरीनो क्रिस्तियानी नावाच्या माणसाने 1917 आणि 1918 मध्ये असे दोन लांब चित्रपट केले होते. दोन्ही नष्ट झाले. म्हणून जाणकार लोक लोटेच्या चित्रपटाला 'आज पाहता येणारा सर्वांत जुना' एवढंच म्हणतात. मला विचाराल तर या पहिल्या-दुसऱ्याच्या हिशेबानेच तिचं जास्त नुकसान झालंय. 'डिस्नीच्या आधी एक जर्मन बाई होऊन गेली' असं एक वाक्य कुठेतरी येतं, आणि पुढचं पान पुन्हा डिस्नीचं. जणू ती बाई डिस्नीच्याच रस्त्यावर थोडी पुढे चालत होती! खरं तर तिचा रस्ताच निराळा होता. तो कसा, हे कळायला तिचं काम प्रत्यक्षात कसं चालायचं ते नीट बघावं लागतं.

लोटेचा जन्म 2 जून 1899 चा, बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्गमधला. कागद कापून आकृती करायची कला जर्मन घरांत तेव्हा चांगलीच रुळलेली होती. कॅमेरा यायच्या आधी ज्यांना तैलचित्र परवडायचं नाही ते काळ्या कागदातली आपली बाजूची चेहरेपट्टी कापून घेत आणि भिंतीवर लावत. पुढे ही कला घरातल्या बायकांच्या फावल्या वेळची मानली गेली, भरतकाम-विणकामाच्या पंगतीत जाऊन बसली. लोटेचा हात त्यात लहानपणापासून विलक्षण होता. पेन्सिलीने आखून घ्यायची तिला गरज पडत नसे. उजव्या हातातली कात्री ती जवळपास स्थिर धरायची आणि डाव्या हाताने कागद फिरवायची. घरातल्यांसाठी तिने छायानाट्याचा छोटा रंगमंच उभा केला आणि त्यावर शेक्सपिअरचे प्रयोग लावले.

मग तिला सिनेमाचं वेड लागलं. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसचे जादूचे चित्रपट आणि जर्मन नट-दिग्दर्शक पाउल वेगेनर ही तिची दोन दैवतं. कॅमेऱ्याने काय काय युक्त्या करता येतील यावर वेगेनरने 1915 मध्ये एक व्याख्यान दिलं. ते ऐकून तिने घरी हट्ट धरला आणि माक्स राइनहार्टच्या नाट्यशाळेत नाव घातलं, कारण वेगेनर त्याच वर्तुळात वावरत होता. तिथे विंगेत बसून ती कामं करणाऱ्या नटांच्या आकृत्या कापायची. नटाला स्वतःचं चित्र कधी नकोसं होत नाही. युक्ती बरोबर लागू पडली आणि वेगेनरने आपल्या चित्रपटांतल्या मजकुराच्या पाट्यांसाठी तिच्याकडून छायाकृती करून घेतल्या.

खरी संधी आली ती उंदरांमुळे. हॅमेलिनच्या बासरीवाल्याची गोष्ट वेगेनर चित्रपटात आणत होता. 1918 सालची ही गोष्ट. बासरी वाजली की उंदरांनी मागे मागे जायचं, पण खरे उंदीर कसले ऐकतायत! शेवटी लाकडी उंदीर करून ते एकेका चित्रासाठी थोडे थोडे सरकवायचं काम लोटेकडे आलं. वस्तू किंचित हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा किंचित हलवायची, पुन्हा एक चित्र. ही सगळी चित्रं वेगाने दाखवली की वस्तू आपणहून चालल्यासारखी दिसते. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्ये 'आगकाड्यांची मौज' केली तीही याच युक्तीवर.

उंदीर पाहून वेगेनरने तिची गाठ बर्लिनमधल्या एका तरुण मंडळींच्या संस्थेशी घालून दिली. हान्स क्युर्लिस ही संस्था चालवत होता. 1919 मध्ये तिथे तिने पहिला छोटा छायापट, म्हणजे काळ्या कापील आकृत्यांचा चित्रपट, केला. तिथेच कार्ल कोख भेटला. दोघांचं लग्न झालं 1921 साली. पुढची चार दशकं तिच्या चित्रपटांचा कॅमेरा आणि निर्मितीची बाजू बहुतेक त्यानेच सांभाळली.

टेबल, काच आणि दिवा

तिचं यंत्र म्हणजे एक टेबल. टेबलाच्या मध्यभागी लाकूड कापून तिथे काच बसवलेली, काचेखाली दिवे. काचेवर पातळ पारदर्शक कागद, म्हणजे उजेड सगळीकडे सारखा पसरतो. वर, छताच्या बाजूला, खाली तोंड करून टांगलेला कॅमेरा. काचेवर काळी आकृती ठेवली की खालच्या उजेडामुळे तिची कड अगदी धारदार दिसते.

आकृती एकसंध नसते. डोकं, मान, धड, दंड, कोपराखालचा हात, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल असे सगळे भाग सुटे कापायचे आणि सांध्यांवर बारीक तारेने जोडायचे. महत्त्वाच्या पात्राचे तुकडे पुष्कळ असत, कारण बोटं झुकली, मनगट वळलं, मान कलली तर ते पात्र जिवंत वाटतं. नुसता पुठ्ठा उष्णतेने वाकतो, जागचा हलतो. म्हणून ती पुठ्ठ्याच्या जोडीला शिशाचा पातळ पत्रा वापरायची. शिसं जड, त्यामुळे हात जिथे ठेवला तिथेच राहतो. जवळून दाखवायच्या दृश्यांसाठी त्याच पात्राचं मोठं डोकं आणि खांदे वेगळे कापलेले असत, पापण्या आणि ओठांच्या कडेसकट.

आता हिशेब करून बघा. मूकपट सेकंदाला साधारण अठरा चित्रांच्या वेगाने चालवला असं धरलं तर पासष्ट मिनिटांसाठी सत्तर हजारांवर चित्रं लागतात. प्रत्येक चित्राआधी आकृतीचे किती भाग किती केसभर सरकवायचे हे ठरवायचं. दोन पात्रं बोलत असतील तर दोघांचे. मागे घोडा असेल तर त्याचे चार पाय, मान आणि शेपूट. एखादं पाऊल अर्ध्या सेकंदात पडायचं तर ते नऊ चित्रांत पडलं पाहिजे. सात चित्रांत पडलं तर पात्र घाईत आहे असं वाटेल, चौदा घेतली तर दमलेलं. आणि यात मागे वळून बघायची सोय नाही. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये एखादं चित्र बिघडलं तर तेवढं पुन्हा काढता येतं. इथे आकृती एकदा हलली की आधीची स्थिती गेली ती गेलीच. टेबलाला धक्का लागला तर सगळं दृश्य पहिल्यापासून. म्हणजे लोटे एका अर्थाने अभिनयच करत होती, फक्त अति संथपणे आणि दुसऱ्याच्या अंगाने. त्यासाठी प्राणिसंग्रहालयात जाऊन ती जनावरांची चाल तासन् तास बघत असे.

इथे एक बारकावा सांगायला हवा. आपण सहज 'सावल्यांचा सिनेमा' म्हणून जातो. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, तो खरोखर सावल्यांचा. बाहुली पडद्यामागे असते, मागे दिवा, आणि बाहुली दिव्याकडे सरकवली की सावली मोठी होते, विरते, थरथरते. लोटेच्या टेबलावर सावली पडतच नाही. कॅमेरा थेट आकृतीच पाहतो. त्यामुळे तिच्याकडे ती विरघळण्याची जादू नाही, पण त्याच्या बदल्यात कडेवरचं अफाट नियंत्रण आहे. पंखाचं एकेक पीस, झाडाचं एकेक पान, जाळीदार खिडकीतली नक्षी सगळं वाचता येतं. ती स्वतः हा फरक आग्रहाने सांगायची. आयुष्यभर तिने दोन्ही केलं, छायानाट्यही आणि छायापटही, आणि 1970 मध्ये दोन्हींवर एक पुस्तक लिहिलं.

काळी आकृती आणि पांढरा उजेड एवढंच असतं तर तासभर बघवलं नसतं. खोली आणायला तिने एकाखाली एक काचा लावल्या. वरच्या काचेवर पात्रं, खालच्या काचांवर डोंगर, ढग, महाल. पार्श्वभूमी पातळ कागदाची. एक थर ठेवला तर फिकट करडा, चार ठेवले तर गडद. दूरचा डोंगर फिकट, जवळचा गडद, म्हणजे धुक्यातल्या सह्याद्रीच्या रांगा दिसतात तसं. वेगवेगळ्या काचांवरचे थर वेगवेगळ्या गतीने सरकवले की नजरेला खोलवर गेल्यासारखं वाटतं. डिस्नीच्या स्टुडिओने 1930च्या दशकात अनेक थरांच्या कॅमेऱ्याचं भलंमोठं यंत्र उभारलं आणि त्याचा खूप गाजावाजा झाला. तत्त्व तेच होतं. लोटेच्या टेबलावर ते 1923 पासून चालू होतं.

बँकवाल्याची फिल्म

1923 हे जर्मनीतलं भयंकर वर्ष. महागाई अशी की नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत. सकाळी मिळालेला पगार संध्याकाळपर्यंत कागद होई. ज्यांच्याकडे पैसे होते ते मिळेल त्या वस्तूत गुंतवत होते. लुई हागेन नावाच्या बँकवाल्याने कोऱ्या सिनेमा फिल्मचा मोठा साठा घेऊन ठेवला. मग त्याच्या लक्षात आलं की या फिल्मचं काहीतरी करायला हवं. लोटेचं काम त्याने पाहिलेलं होतं. लांब चित्रपट कर, म्हणाला.

ॲनिमेशन म्हणजे मुख्य चित्रपटाआधी दाखवायचे पाच-दहा मिनिटांचे विनोदी तुकडे, अशी तेव्हाची समजूत. तासभर कोण बघणार? लोटे आणि कोखने विचार करायला फार वेळ घेतला नाही. पॉट्सडॅमला हागेनच्या गॅरेजवरच्या पोटमाळ्यात स्टुडिओ थाटला गेला. छत इतकं खाली की कॅमेरा वर टांगायचा तर काच जमिनीजवळ आणावी लागली, आणि लोटे मोडीत निघालेल्या एका मोटारीच्या सीटवर गुडघे टेकून काम करायची. तीन वर्षं हे चाललं.

सोबतीला आलेली माणसं काही साधी नव्हती. वाल्टर रुटमन हा अमूर्त आकारांचे चित्रपट करणारा प्रयोगी कलावंत. त्याने जादूचे, आगीचे, उजेडाचे नाच केले. त्यासाठी ओस्कार फिशिंगरचं मेणाचे थर कापत चित्रं घेणारं यंत्र वापरलं. बेर्टोल्ड बार्टोशने समुद्र आणि लाटा सांभाळल्या. वोल्फगांग त्सेलरने संगीत दिलं, आणि ते चित्रपटाबरोबरच घडत गेलं. रुटमनला मधूनच या सगळ्याचं कोडं पडे. बाहेर देश कोसळतोय आणि आपण पऱ्यांच्या गोष्टी करतोय, याचा 1923 शी काय संबंध, असं त्याने एकदा विचारलं. लोटेचं उत्तर साधं होतं: काहीच नाही, पण मी आत्ता जिवंत आहे आणि आत्ता संधी मिळालीय, तर हे करून घेते.

गोष्ट अरबी सुरस आणि चमत्कारिक कथांतली. जादूगार, उडता घोडा, वाक-वाक बेटावरची परी बानू, चीनचा बादशहा, अल्लादिन आणि दिवा, सगळं एकात एक गुंफलेलं. मूळ 'अहमद आणि परी बानू' ही कथा फ्रेंच अनुवादक गालांला हान्ना दियाब या सीरियातल्या कथेकऱ्याने सांगितली होती. त्या कथेतला राजा हिंदुस्थानचा आहे आणि एक राजपुत्र बिसनगरला, म्हणजे आपल्या विजयनगरला, जाऊन उडती सतरंजी विकत घेतो. चित्रपटात हे काही राहिलं नाही. तिथे बगदादची हवा आहे.

एक दृश्य नीट बघण्यासारखं आहे. परी बानू सख्यांसह पिसांचे पोशाख घालून आकाशातून तळ्यावर उतरते. पोशाख उतरवून त्या पाण्यात शिरतात. पाण्यात त्यांची उलटी प्रतिमा हलते. आखमेद नेच्याच्या पानांआडून बघतोय आणि तिचा पोशाख उचलतो. गोपीवस्त्रहरण आपल्याला पाठ आहे, त्यामुळे प्रसंग ओळखीचाच. पण इथे चेहऱ्यावर काही दिसत नाही, कारण चेहरा म्हणजे नुसती एक काळी कड. तिला पोशाख सापडत नाही हे आपल्याला कळतं ते तिच्या खांद्यांवरून. आधी हात सहज लांब होतो, मग थबकतो, मग सगळं अंग आखडतं आणि मान झटक्यात वळते. ही भीती तारेने जोडलेल्या शिशाच्या तुकड्यांतून आलीय. मला तिची ताकद इथे दिसते. डिस्नीची पात्रं डोळ्यांनी आणि भुवयांनी बोलतात. लोटेची पात्रं मणक्याने बोलतात. नर्तकीला चेहऱ्यावर मुखवटा चढवून नाचायला लावलं तर ती जे करेल ते.

आणि हेही सांगितलं पाहिजे की पुढे आखमेद त्या घाबरलेल्या परीला पळवूनच नेतो आणि चित्रपट त्याला प्रेम म्हणतो. जादूगार 'आफ्रिकी' असल्याने कुरूप आहे, चिनी दरबार म्हणजे थट्टा. युरोपने घरबसल्या रंगवलेली ही पूर्व आहे, आणि कात्री कितीही नाजूक चालली तरी ती नजर लपत नाही.

शेवटाकडे चेटकीण आणि जादूगार यांची झुंज आहे. दोघं भराभर रूपं बदलत भिडतात: सिंह, साप, विंचू, कोंबडा, गिधाड. एक आकार संपायच्या आत दुसरा त्यातून फुटतो आणि अखेर आगीचे गोळे फेकले जातात. कागद कापण्याच्या कलेत आकार बदलणं हाच मूळ स्वभाव आहे. कात्रीच्या एका वळणात चोच होते आणि दुसऱ्यात नांगी. तिचं साधन आणि तिची गोष्ट इथे एक होतात.

मूळ फिल्म रंगीतही होती, म्हणजे प्रत्येक प्रसंगाची पट्टी वेगळ्या रंगात बुडवलेली. रात्र निळी, आग तांबडी.

मग लोटे गेली कुठे?

बर्लिननंतर चित्रपट पॅरिसलाही गाजला. तिथे फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वारशी ओळख झाली आणि आयुष्यभराची मैत्री जमली. 1928 मध्ये जनावरांशी बोलणाऱ्या डॉक्टर डूलिटलच्या गोष्टींवर चित्रपट झाला. त्यानंतर खऱ्या नटांना घेऊन एक चित्रपट करायला घेतला तेवढ्यात बोलपट आला. मूकपट म्हणून सुरू केलेल्या या चित्रपटाला नंतर आवाज चिकटवावा लागला आणि तो पडला. ती पुन्हा टेबलाकडे वळली. बोलपटाचा तिला एक फायदा झाला: संगीत आता फिल्मवरच छापता येत होतं, म्हणजे तालाच्या एकेका ठोक्याला किती चित्रं हे मोजून हालचाल बसवता यायची. 1933 चा 'कारमेन' आणि 1935 चा मोत्सार्टच्या संगीतावरचा 'पापागेनो' हे छोटे छायापट त्या हिशेबाचे आहेत. मला ते आखमेदपेक्षाही घट्ट विणलेले वाटतात.

तोवर हिटलर आला होता. लोटे आणि कोख ज्यू नव्हते, पण डाव्या विचारांच्या मित्रमंडळींत वावरणारे होते आणि त्यांना तिथे राहायचं नव्हतं. अडचण अशी की कायमचा व्हिसा कुठलाच देश देईना. मग व्हिसा असेल तोवर लंडन, तो संपला की पॅरिस, मग रोम. लंडनमध्ये तिने चक्क टपाल खात्याच्या चित्रपट विभागासाठी प्रचाराचे छायापट केले. रेन्वारच्या 'ला मार्सेयेज'मध्ये छायानाट्याचा एक प्रसंग आहे, तो तिचा. युद्ध लागल्यावर इटलीत रेन्वारचा 'टोस्का' अर्धवट राहिला, तो कोखने पुरा केला. तिथे पुढे मोठा इटालियन दिग्दर्शक झालेला तरुण लुकिनो व्हिस्कोंती सोबत होता. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात आई आजारी म्हणून लोटे बर्लिनला परतली आणि त्याच राजवटीसाठी परीकथेचा एक छायापट करायला बसली. तो अपुराच राहिला. ज्या टेबलाला स्थिर जागा लागते, ज्याला धक्का लागून चालत नाही, ते टेबल घेऊन ही बाई दहा-बारा वर्षं देशोदेशी फिरत होती. या काळात एकही लांब चित्रपट झाला नाही याचं नवल वाटायला नको. शिवाय युद्धात आखमेदची मूळ निगेटिव्ह नाहीशी झाली.

1949 मध्ये दोघं कायमची लंडनला आली. इथे कथेत बँकवाल्याचा मुलगा शिरतो. त्याचंही नाव लुई हागेन. लहानपणी वडिलांच्या गॅरेजवर हा सगळा खेळ त्याने पाहिलेला होता. नाझींवर पोस्टकार्डात केलेल्या एका विनोदापायी त्याला किशोरवयात लिश्टेनबुर्गच्या छळछावणीत टाकलं गेलं. मित्राचे वडील न्यायाधीश होते, त्यांनी सोडवला. तो इंग्लंडला पळाला, ब्रिटिश सैन्यात ग्लायडर चालवला, आर्नहेमच्या लढाईत पदक मिळवलं. 1953 मध्ये त्याने प्रिमरोझ नावाची कंपनी काढण्यात पुढाकार घेतला आणि लोटेने दोन-तीन वर्षांत टेलिव्हिजनसाठी डझनभर परीकथा केल्या: सिंड्रेला, हान्सेल आणि ग्रेटेल, बेडूक राजपुत्र. त्यातल्या 'शूर शिंप्या'ला 1955 मध्ये व्हेनिसला पारितोषिक मिळालं. घाईत केलेल्या कामाची खूण त्यांत दिसते, निवेदकाचा आवाज फार बडबड करतो. पण बेडकाच्या एका उडीत जी मजा आहे ती बघाच.

1963 ला कोख गेला आणि तिने चित्रपट करणं जवळपास थांबवलं. 1970च्या दशकात जर्मनीला तिची आठवण झाली, पुरस्कार आले, पाठोपाठ देशाचा मानाचा क्रॉस. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डने बोलावून घेतलं आणि 1975 मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, तिने 'ओकासाँ आणि निकोलेत' केला. 1980 मध्ये ती ट्युबिंगेनजवळच्या डेटेनहाउझेनला एका पाद्रीबाबांच्या कुटुंबात राहायला गेली आणि 19 जून 1981 ला तिथेच वारली.

विसर कसा पडला याची काही कारणं वर येऊन गेलीच. त्यात आणखी एक जोडतो. ॲनिमेशनचा इतिहास लिहिला गेला तो स्टुडिओंच्या नजरेतून. शेकडो माणसं, विभाग, पेटंटं, पुढे बाहुल्या आणि टी-शर्ट. लोटेकडे एक टेबल, एक नवरा आणि दोन-चार मित्र. तिच्या पद्धतीचा कारखाना होऊच शकत नव्हता, कारण सगळं तिच्या हातात होतं, अगदी शब्दशः. ज्याचा कारखाना होत नाही त्याला उद्योगाच्या इतिहासात जागा कोण देणार? आणि कलेच्या इतिहासात गेली तर तिथले लोक म्हणणार, कागदकाम आणि वर परीकथा, म्हणजे बायकामुलांचं. दोन्ही दारं बंद. बाई म्हणून अन्याय झाला हे खरंच आहे, पण नुसतं तेवढं म्हटलं तर कामाचं काम म्हणून काय झालं ते सुटून जातं.

गेल्या पंचवीस वर्षांत चित्र बरंच पालटलंय. फ्रँकफर्टच्या चित्रपट संग्रहालयाने लंडनमध्ये जपलेल्या जुन्या रंगीत प्रतीवरून 1999 च्या सुमारास आखमेद पुन्हा उभा केला, त्सेलरच्या संगीतासह. ट्युबिंगेनच्या शहर संग्रहालयात तिच्या मूळ आकृत्या पाहायला मिळतात. 2016 मध्ये तिच्या 117 व्या जन्मदिनी गूगलने मुखपृष्ठावर छायाकृतींची छोटी फिल्म लावली, त्यातूनही पुष्कळांना नाव कळलं.

बघायची असेल तर सुरुवात 'पापागेनो'पासून करा. दहा-अकरा मिनिटांचा आहे, आणि पक्षी कसे उडतात ते आवाज बंद करून एकदा आणि चालू करून एकदा बघा. मग 1922 चा मूक 'सिंड्रेला', ज्याच्या आरंभी कात्री धरलेले हात नायिकेला कागदातून कापून काढताना दिसतात. नंतर आखमेद, आणि तो फोनवर बघू नका. जाळ्या आणि पिसं लहान पडद्यावर चिकटून एक होतात. मुलांना बरोबर घेतलं तर तळ्याकाठच्या प्रसंगाबद्दल दोन प्रश्न येतील, त्यांची तयारी ठेवा.